काशाच्या गोळीचे सात वाटे

गॅलिलिओचा ‘दोन नवी शास्त्रे’ हा संवादग्रंथ १६३८ साली लायडनमध्ये छापला गेला. त्यातल्या तिसऱ्या दिवसाच्या चर्चेत साल्व्हियाती हे संवादातले पात्र एका प्रयोगाचे वर्णन करते, ते आपण सावकाश वाचावे. सुमारे बारा हात लांबीची लाकडी तुळई. तिच्या कडेवर कोरलेली, बोटाहून किंचित रुंद अशी सरळ खाच. खाचेला आतून चिकटवलेले नितळ चर्मपत्र. आणि त्यावरून सोडलेली काशाची कठीण, तुळतुळीत, अगदी गोल गोळी. तुळईचे एक टोक जेमतेम हात-दोन हात उचललेले. वेळ मोजायची ती भांड्याच्या बारीक नळीतून पडलेले पाणी तोलून! लांबीचा चौथा भाग उतरायला गोळीला पूर्ण उताराच्या निम्मा वेळ लागतो; अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

या वर्णनात जे सांगितलेले नाही, तेच मला अधिक मोहवते. गोळी नुसती उतरत नाही, ती स्वतःभोवती फिरतही असते. उंचीवर साठलेली स्थितिज ऊर्जा खाली येताना दोन रूपे घेते: पुढे धावण्याची गतिज ऊर्जा आणि फिरण्याची गतिज ऊर्जा. सपाट उतारावरून न घसरता गडगडणाऱ्या भरीव गोळीत या ऊर्जेचे सात वाटे केले, तर पाच धावण्याला मिळतात आणि दोन फिरण्याला. गोळी बोराएवढी असो वा नारळाएवढी, हलकी असो वा जड, उतार मंद असो वा तीव्र, वाटणी तीच. घर्षण गोळीला फिरायला लावते खरे, पण टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असल्यामुळे ते ऊर्जेचा कणही गिळत नाही. गोळी खाचेच्या दोन कडांवर टेकून उतरत असेल, तर तिला तेवढ्याच अंतरात अधिक फिरावे लागते आणि फिरण्याचा वाटा आणखी वाढतो. ती खाच कोरणाऱ्या हातांना याची कल्पनाही नसेल.

मग गॅलिलिओचा नियम ढळला कसा नाही? कारण ही वाटणी उताराच्या पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत बदलत नाही. घर्षणाविना घसरणाऱ्या वस्तूच्या पाच सप्तमांश, किंवा खाचेमुळे त्याहूनही थोड्या कमी त्वरणाने गोळी उतरते. पण ते त्वरण वाटभर एकसारखे राहते, म्हणून काळ आणि अंतर यांचे नाते अभंग राहते. गॅलिलिओने त्वरणाचा आकडा मागितलाच नव्हता, त्याने प्रमाण विचारले होते. आणि मला या प्रयोगातले खरे सौंदर्य त्या प्रश्नाच्या निवडीत दिसते. भरीव गोळीऐवजी त्याने पातळ कडे गडगडवले असते, तर निम्मी ऊर्जा फिरण्यातच गेली असती, आणि तरीही वर्गाचा नियम तसाच उभा राहिला असता.

क्रू आणि डी साल्व्हिओ यांनी केलेले या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या दिवसाचा तो परिच्छेद आपण त्यात जरूर वाचा, आणि वाचताना गोळीच्या फिरण्याकडे लक्ष असू द्या.