‘नटसम्राट’ आणि ‘वाडा चिरेबंदी’ : न लिहिलेल्या मृत्युपत्राचे नाट्य

मराठी कौटुंबिक नाटकात संपत्तीचा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. समीक्षेत मात्र तो बहुधा मूल्यऱ्हासाची खूण म्हणूनच वाचला जातो. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील (पहिला प्रयोग १९७०) मुले कृतघ्न ठरतात, तर महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तील (१९८५) धरणगावचे देशपांडे सरंजामी व्यवस्थेच्या अस्ताचे प्रतीक ठरतात. ही वाचने चुकीची नाहीत, परंतु अपुरी आहेत. मालमत्ता कोणाची होती, ती कोणत्या कृतीने कोणाकडे गेली आणि कोणता कागद लिहिला गेला नाही, हे प्रश्न त्यांत सुटून जातात. हेच प्रश्न मध्यवर्ती मानून प्रस्तुत निबंधात या दोन नाटकांचा विचार केला आहे.

गणपतराव बेलवलकर निवृत्त होताना आपले सर्वस्व मुलांमध्ये वाटून टाकतात. ही मिळकत त्यांच्या स्वकष्टाची आहे. ती कोणालाही देण्याचे पूर्ण स्वातंत्र्य त्यांना आहे. मात्र देण्याचे मार्ग दोन आहेत आणि त्यांच्या परिणामांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ अन्वये मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमक्ष करावे लागते. ते करणाऱ्याच्या हयातीत केव्हाही बदलता वा रद्द करता येते आणि मृत्यूपर्यंत मालकी त्याच्याकडेच राहते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधील बक्षीस मात्र एकदा पूर्ण झाले की देणाऱ्याच्या केवळ इच्छेने परत घेता येत नाही. बेलवलकर हा दुसरा मार्ग निवडतात आणि तोही विनाअट.

‘नटसम्राट’वर शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची छाया आहे, हे सर्वमान्य आहे. परंतु लिअरचे दान विनाअट नाही, याकडे तुलनात्मक अभ्यासात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. राजेपणाचा मान, शंभर सरदारांचा लवाजमा आणि पाळीपाळीने दोन्ही मुलींकडे महिनाभर मुक्काम या गोष्टी तो स्वतःसाठी राखून ठेवतो. त्याची शोकांतिका अटींच्या भंगातून आकार घेते. बेलवलकरांच्या बाबतीत भंग होण्यासारखी अटच नाही. विश्वास तेवढा आहे. त्यामुळे येथील संघर्ष कराराच्या पातळीवरून थेट भावनेच्या पातळीवर जातो आणि प्रेक्षकाची सहानुभूती एकाच बाजूला झुकते. नाटकाची लोकप्रियता येथे आहे आणि त्याची मर्यादाही येथेच आहे. कारण मुलांच्या कृतघ्नतेवर सारा प्रकाश पडल्याने पित्याच्या निर्णयाची चिकित्सा होत नाही. घर देताना कावेरीच्या डोक्यावरचे छप्परही आपण देत आहोत, हे या थोर नटाला जाणवत नाही; आणि नाटकही त्याला त्याबद्दल फारसे जबाबदार धरत नाही.

ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, २००७ चे कलम २३ जणू बेलवलकरांसाठीच लिहिले गेले असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. प्राथमिक गरजा पुरवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. तथापि सुदेश छिकारा विरुद्ध रमती देवी (२०२२) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट अस्तित्वात असणे आवश्यक मानले. पुढे उर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित (२०२५) या प्रकरणात न्यायालयाने कायद्याच्या कल्याणकारी हेतूवर भर देऊन उदार अर्थ स्वीकारला. पण तेथेही बक्षीसपत्रासोबत मुलाने लिहून दिलेले वचनपत्र पुढे आले होते. बेलवलकरांपाशी दाखवण्याजोगा असा एकही कागद नसता.

‘वाडा चिरेबंदी’त प्रश्न अधिक गुंतागुंतीचा, आणि म्हणून अधिक समृद्ध आहे. तात्याजी, म्हणजे व्यंकटेश देशपांडे, यांच्या मृत्यूनंतर नाटक सुरू होते. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम ३० नुसार एकत्र कुटुंबातील आपल्या हिश्श्याचे मृत्युपत्र करण्याचा अधिकार त्यांना होता. नाटकात मृत्युपत्राचा आधार कोणालाच नाही. ही अनुपस्थिती अर्थपूर्ण मानावी लागते. मृत्युपत्रात नावे लिहावी लागतात, अंश सांगावे लागतात. कर्तेपणाच्या मौनावर जगलेल्या पुरुषाला ते मानवणारे नव्हते. त्या मौनाची जागा मग थोरला भास्कर घेतो. तेराव्याचा खर्च, गावजेवण, त्यासाठी वाड्याचा भाग विकण्याचा विचार हे सारे ‘घराण्याची रीत’ या नावाखाली चालते. आवश्यक अंत्यविधी ही कुटुंबाची मिळकत विकण्यास पुरेशी ‘कायदेशीर गरज’ असल्याचे हिंदू विधीने पूर्वापार मानले आहे. प्रतिष्ठेसाठीचे गावजेवण मात्र त्या गरजेत सहजी बसत नाही. सुधीरचा विरोध एरवी मुंबईकराची व्यवहारी वृत्ती म्हणून वाचला जातो. कायद्याच्या दृष्टीने तो एका सहदायादाचा रास्त आक्षेप आहे.

वाडा वडिलोपार्जित मानून मुंबई संप्रदायाचा नियम लावला, तर हिशेब करता येतो. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम (१९७८) या निवाड्यातील पद्धतीनुसार मृत्यूपूर्वी क्षणभर वाटणी झाल्याचे कल्पावे. तात्याजी, आई आणि तीन मुलगे यांना प्रत्येकी १/५ मिळेल. तात्याजींचा १/५ पुन्हा त्यांच्या वर्ग १ च्या सहा वारसांत, म्हणजे पत्नी, तीन मुलगे, मुलगी आणि जननी यांच्यात, समान विभागला जाईल. भास्कर, सुधीर, चंदू आणि आई यांचा अंश प्रत्येकी ७/३० होतो. प्रभेचा केवळ १/३०.

हा १/३० देखील प्रभेला वाड्याच्या बाबतीत मागता आला नसता. त्या वेळी लागू असलेल्या कलम २३ नुसार कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी स्त्री-वारसाला मागता येत नव्हती. पुरुष वारसांनी आपापले हिस्से वेगळे करायचे ठरवेपर्यंत तिने थांबायचे होते. अविवाहित मुलीला राहण्याचा हक्क तेवढा होता. शिक्षण खुंटलेली, वाड्यात कुढत राहिलेली प्रभा समीक्षकांना नेहमीच मानसशास्त्रीय व्यक्तिरेखा वाटली आहे. वस्तुतः तिची कोंडी कायद्याच्या शब्दांत जशीच्या तशी नोंदलेली होती : राहता येईल, मागता येणार नाही. एलकुंचवारांनी हे कलम डोळ्यांसमोर ठेवले असेल असे सुचवायचे नाही. त्यांच्या निरीक्षणाची अचूकता मात्र यातून दिसते.

दागिन्यांच्या प्रसंगालाही या अंगाने पाहता येते. रात्रीच्या वेळी वहिनी घराण्याचे सगळे दागिने अंगावर घालते, हा मराठी रंगभूमीवरील एक अविस्मरणीय क्षण आहे. जंगम मालमत्ता हाती असते त्याची, असा व्यवहार येथे चालतो. रंजू तेच दागिने घेऊन पळून जाते, तेव्हा वाटणीआधीच वाटणी संपते.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केले, मात्र तत्पूर्वी विवाह झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद उरला नाही आणि कलम २३ ही वगळले गेले. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा (२०२०) या निवाड्यानुसार मुलीचा हक्क जन्मतः आहे. ९ सप्टेंबर २००५ रोजी पिता हयात असण्याची अट नाही आणि केवळ कल्पित वाटणीने तो हक्क संपत नाही. वाडा तोवर अविभक्त राहिला असता, तर प्रभेचा अंश १/३० वरून ७/३६ वर, म्हणजे जवळजवळ सहापट झाला असता. पण ‘वाडा अविभक्त राहिला असता तर’ ही अट नाटकाच्या जगात कितपत टिकते, हा प्रश्न उरतोच. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली विक्री व नोंदणीकृत वाटणी दुरुस्तीने अबाधित ठेवली आहे.

या हिशेबात एका नावाकडे कोणाचेच लक्ष जात नाही. अंधारातून व्यंकटेशला हाका मारणारी दादी ही समीक्षेत काळाचे, स्मृतीचे, वाड्याच्या आत्म्याचे प्रतीक मानली गेली आहे. १९५६ च्या कायद्याने मृताच्या आईला वर्ग १ ची वारस केले. विधवा सून आणि नात यांच्याइतकाच, १/३० चा, अंश तात्याजींच्या हिश्श्यातून तिचाही निघतो. नाटकातील कोणतेही पात्र तिला त्याविषयी विचारत नाही.