मडकी आणि माणसे

म. के. ढवळीकरांचे ‘फर्स्ट फार्मर्स ऑफ द डेक्कन’ (१९८८) मी गोडादऱ्यात पुन्हा वाचले. पाऊस रोडावला आणि इ. स. पू. १००० च्या सुमारास जोर्वे संस्कृतीची बहुतेक गावे ओस पडली, हे विवेचन पटते. शेजाऱ्यांविषयी मात्र समाधान होत नाही. सावळदा, माळवा, जोर्वे ही नावे मडक्यांच्या घाटावरून ओळखायची. मडके बदलले की माणसे नवी!

आमची तापीच पाहा. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा, मधले खोरे म्हणजे हमरस्ता. मुखाजवळ सुरत जिल्ह्यातल्या मालवणला उत्तर-हडप्पा वस्ती. वर प्रकाशे येथे थापरांना १९५५ मध्ये माळवा आणि जोर्वे, दोन्ही धाटणीची भांडी सापडली. अशा वाटेवर माणसापेक्षा मडके अधिक हिंडते. आमच्या घरात भांडी सुरतेची, बोली अहिराणी. उद्या कोणी गोडादरा खणले तर आम्ही गुजराती ठरू; आणि नंदुरबारला बहिणीच्या घरी हीच भांडी निघाली, तर तिथे गुजरातची स्वारी!

इनामगावी मेलेले मूल दोन कुंभांत ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरीत. तिथे मात्र मडक्यामागचे आईबाप दिसतात. तेवढा भाग मी घरी अहिराणीत सांगितला.