‘समोर’ म्हणजे नक्की कुठे? इयरवॅक्स इफेक्टचं परीक्षण

ध्वनी, भाषण किंवा संगीत यांपैकी कशावरही संशोधन करायचं ठरवलंत, तर सॉक्स या मोफत सॉफ्टवेअरशी कधी ना कधी तुमची गाठ पडेल. त्यात ‘इयरवॅक्स’ नावाचा एक इफेक्ट आहे. नावाचा अर्थ कानातला मळ, पण तो मळ काढायचं काम करत नाही! त्याच्या माहितीपत्रकातला दावा थोडक्यात असा: हेडफोनवर गाणं डोक्याच्या आत वाजल्यासारखं वाटतं, हा इफेक्ट लावला की ते डोक्याबाहेर, समोर जातं आणि ऐकणं सोपं होतं. एक आज्ञा द्यायची, नवी फाइल मोबाइलमध्ये टाकायची, आणि लोकलमध्ये ऐकत जायचं.

आज हा दावाच तपासू. कारण उद्या तुम्ही प्रयोगासाठी ध्वनिफाइली तयार कराल आणि प्रबंधात लिहाल, ‘इयरवॅक्स वापरून आवाज श्रोत्याच्या समोर आणला.’ परीक्षक विचारतील, ‘कशावरून?’ तेव्हा माहितीपत्रकाकडे बोट दाखवून भागणार नाही.

आधी अडचण समजून घ्या

खोलीत दोन स्पीकर असतील तर डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही ऐकू येतो. फक्त तो थोडा उशिरा पोचतो, आणि डोकं आड आल्यामुळे त्यातल्या वरच्या वारंवारिता मंदावतात. स्पीकर समोरच्या रेषेपासून ३० अंशांवर असेल तर हा उशीर साधारण पाव मिलिसेकंद. हेडफोनवर मात्र डावं ते डाव्या कानात, उजवं ते उजव्या कानात. बीटल्सच्या १९६३ च्या पहिल्या अल्बमची स्टिरिओ आवृत्ती हेडफोनवर ऐकून बघा. वाद्यं एका कानात, गाणारे दुसऱ्या कानात. थोड्या वेळातच नकोसं होतं.

यावर उपाय म्हणजे एका बाजूचा थोडा आवाज, जरा उशिराने आणि जरा मंद करून, दुसऱ्या बाजूला मिसळणं. याला क्रॉसफीड म्हणतात. बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्येच त्यासाठी सर्किट सुचवलं होतं. इयरवॅक्स २००० सालचा. तो हेच काम ३२ टॅपच्या डिजिटल फिल्टरने करतो, आणि स्पीकर दोन्ही बाजूंना ३० अंशांवर आहेत असं धरून करतो. तो फक्त ४४.१ किलोहर्ट्झच्या स्टिरिओ फाइलवर चालतो, म्हणजे सीडीच्या मापावर.

इथपर्यंत काम चोख आहे. ४४.१ किलोहर्ट्झला ३२ टॅप म्हणजे सुमारे ०.७३ मिलिसेकंद. दोन कानांमधला उशीर जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास जातो, त्यामुळे तेवढी लांबी पुरते. गणित हलकं आहे, त्या काळच्या संगणकालाही झेपणारं. बीटल्सच्या त्या रेकॉर्डिंगवर फायदा चटकन जाणवतो.

दावा कुठे अडतो

आता ‘समोर’ या शब्दाकडे या. अगदी समोरचा आणि अगदी मागचा आवाज दोन्ही कानांपर्यंत एकाच वेळी, सारख्याच ताकदीने पोचतो. मग दोन कानांमधल्या फरकावरून समोर-मागे कसं ठरवणार? ते ठरतं मुख्यतः दोन गोष्टींवरून.

पहिली गोष्ट कानाची पाळी. तिच्या घड्या वरच्या वारंवारितांमध्ये दिशेनुसार बारीक बदल करतात. पण प्रत्येकाचा कान वेगळा असतो, आणि फिल्टर मात्र सगळ्यांना एकच. शिवाय ३२ टॅपमध्ये वारंवारितांचं पृथक्करण साधारण १.४ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी होतं. बारीक नक्षी त्यात मावत नाही.

दुसरी गोष्ट मानेची हालचाल. आपण डोकं जरा वळवतो आणि आवाज कुठे सरकला त्यावरून जागा ताडतो. हान्स वालाख यांनी १९४० मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं. हेडफोन डोक्याबरोबरच वळतात. फाइलमध्ये एकदा मुरवलेल्या इफेक्टला तुमची मान वळल्याचं कळण्याचा काही मार्ग नाही. ही अडचण एकट्या इयरवॅक्सची नाही, ‘एट-डी ऑडिओ’ म्हणून फिरणाऱ्या गोल-गोल आवाजाचीही हीच मर्यादा. डोक्याबाहेरचा भास पक्का करायला खोलीचे पडसादही लागतात, आणि पाऊण मिलिसेकंदात एकही भिंत बसत नाही.

मग मोनो रेकॉर्डिंगचं काय? आपली कितीतरी जुनी भावगीतं मोनो आहेत. डावं-उजवं सारखंच असेल तर मिसळून पुन्हा दोन्ही कानांत सारखंच येणार. बदलेल तो फक्त आवाजाचा पोत. म्हणून तुमच्या प्रयोगात मोनो फाइल जरूर ठेवा. स्टिरिओवरचा परिणाम खरोखर क्रॉसफीडचा आहे की नुसत्या पोताचा, हे तिच्यावरून वेगळं करता येईल.

चाचणी कशाची घेताय?

अनेकजण इथे लगेच एबीएक्स चाचणी लावतात. अ आणि ब ऐकवायचे, मग क्ष कोणता ते ओळखायला सांगायचं. १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर आले, तर निव्वळ अंदाजाने तसं होण्याची शक्यता ३.८ टक्के. आकडा देखणा आहे. पण यातून सिद्ध काय झालं? फरक ऐकू येतो, एवढंच. इयरवॅक्सचा फरक तसा ढळढळीत आहे, कुणीही उत्तीर्ण होईल.

मूळ वाक्यात तीन वेगळे दावे आहेत: आवाज बदलतो, आवाज बाहेर जाऊन समोर येतो, आणि ऐकणं सोपं होतं. पहिल्यासाठी एबीएक्स. दुसऱ्यासाठी श्रोत्याला जागा दाखवायला सांगा: डोक्यात, कानाशी, समोर की मागे? पर्यायांत ‘मागे’ हवंच, नाहीतर उत्तर तुम्हीच त्याच्या तोंडात घातलंत. तिसऱ्यासाठी बराच वेळ ऐकवून थकवा विचारावा लागेल. या तिन्हींत दोन्ही फाइलींची पातळी आधी जुळवा, कारण किंचित मोठा आवाज माणसाला सहसा जास्त चांगला वाटतो.

आणि लोकलच्या खडखडाटात ही चाचणी घेऊ नका. तिथे बारीक खुणा गोंगाटात बुडतात, आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. त्यापुढे कानाला होणारी इजा कोणताही फिल्टर भरून काढत नाही.

माझं मत असं: इयरवॅक्स हे नेटकं क्रॉसफीड आहे, आणि टोकाच्या स्टिरिओवर जरूर वापरा. मूळ फाइल मात्र जपून ठेवा, कारण मिसळलेलं पुन्हा जसंच्या तसं वेगळं करायला मिळेलच असं नाही. एमपी३ असेल तर पुन्हा साठवताना आणखी थोडं गळतं. प्रबंधात लिहा: ‘३० अंशांच्या स्पीकरांवर आधारित क्रॉसफीड लावला.’ ‘समोर’ हा शब्द तुमच्या श्रोत्यांनी बोट दाखवल्यावरच लिहा.