मधला माणूस

बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. घरच्यांनी उतरवून ठेवलेली त्यांची गाणी मुलाने, कवी सोपानदेवांनी, आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. ही हकिगत मराठी वाचकाला पाठ आहे. आपण ती अत्र्यांच्या पारखी नजरेची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती सोपानदेवांची गोष्ट वाटते. वही कोणाकडे न्यायची हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या दारात त्यांना प्रवेश होता. लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये उभा राहणारा हा माणूस इंग्रजी जगात ‘लिटररी एजंट’ म्हणून पोट भरतो. आपल्याकडे तो मुलगा असतो, मास्तर असतो, नाहीतर नुसता स्नेही असतो. तो नसला तर काय होते, हा या लेखाचा विषय.

एजंटाचा धंदा फार जुना नाही. १८७० च्या दशकात लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करायला सुरुवात केली. लेखकाला मिळालेल्या पैशातून ते दहा टक्के घेत. आज बहुधा पंधरा टक्के घेतात. लेखकाने एक पानाचे पत्र आणि सुरुवातीची काही प्रकरणे पाठवायची. पुस्तक विकता येईल असे वाटले तरच एजंट ते हाती घेतो. अमेरिकेतल्या लेखक-परिषदांत तर एजंटांबरोबर दहा-दहा मिनिटांच्या भेटी ठरवून मिळतात. दहा मिनिटांत आपली कादंबरी सांगायची! आपल्याकडचे कवी तेवढ्या वेळात प्रास्ताविकही उरकत नाहीत.

गंमत अशी, की वॉट लंडनमध्ये हे करत होते त्याच सुमारास आपल्याकडे पहिले ग्रंथकार संमेलन भरले. ११ मे १८७८, पुणे, हिराबाग. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी ते बोलावले होते, आणि ग्रंथकारांनी एकत्र येऊन ग्रंथप्रसाराला चालना द्यावी हा हेतू होता. म्हणजे मुळात ही सभा पुस्तकांच्या व्यवहाराची होती. अध्यक्षीय भाषण, ठराव, कविकट्टा हे सगळे नंतरचे. आजच्या संमेलनाची कार्यक्रमपत्रिका हाती घेऊन मी नेहमी एकच गोष्ट शोधतो: ज्याचे पुस्तक अजून निघालेले नाही, त्याच्यासाठी कोणता तास राखून ठेवला आहे? परिसंवाद निघालेल्या पुस्तकांवर, मुलाखती नावाजलेल्यांच्या, आणि कविकट्ट्यावर बाकी सगळ्यांची रांग.

१८८५ च्या ग्रंथकार सभेला महात्मा फुले गेले नाहीत. रानड्यांच्या निमंत्रणाला त्यांनी पत्राने नकार कळवला. त्या पत्राची चर्चा सहसा जातिव्यवस्थेच्या अंगाने होते, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यात आणखी एक प्रश्न दिसतो. ज्यांना आमचे हक्क मान्य नाहीत, त्यांच्या सभेत आमच्या ग्रंथांना जागा कशी मिळणार, असा त्या नकाराचा रोख आहे. मधला माणूस कोणाच्या ओळखीचा असतो, हे फुल्यांनी तेव्हाच हेरले होते.

मराठीत या मधल्या माणसाने एक वाङ्मयप्रकारच निर्माण केला. तो म्हणजे दुसऱ्याच्या पुस्तकाला लिहिलेली प्रस्तावना. आपले समीक्षक तिला समीक्षेत मोजतात; माझ्या मते तिचा मोठा भाग एजंटाच्या पत्रात मोजायला हवा. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तो विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. ते जग पाहायला तेंडुलकर ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडले आणि प्रस्तावनेत ते हिंडणे आले. पांढरपेशा वाचकाच्या वतीने ते आधी आत जाऊन आले, असा त्याचा अर्थ. प्रस्तावना उत्तम आहे. पण ती कवितेआधी वाचावी लागते, आणि अनोळखी मुलखात वाटाड्याच्या मागून चालावे तसे आपण पुढे ढसाळांमागून चालतो की तेंडुलकरांमागून, असा मला दर वाचनात संशय येतो. एजंटाचे पत्र प्रकाशकापाशी संपते, वाचकाला ते दिसत नाही. प्रस्तावना मात्र पुस्तकाला कायमची चिकटते. ‘बलुतं’ची वाट वेगळी होती. १९७८ साली दया पवारांचे हे आत्मकथन ‘ग्रंथाली’ने काढले. तिथे एका थोराच्या शब्दाऐवजी वाचक चळवळीचे जाळे मध्ये उभे होते. असे जाळे फार काळ आणि फार ठिकाणी टिकत नाही, हे खरे.

मराठीत धंदेवाईक एजंट का नाही, याचे उत्तर पाटीवर मांडता येते. दोनशे रुपयांच्या पुस्तकाची हजाराची आवृत्ती संपली आणि दहा टक्के मानधन खरोखर हाती पडले, तर लेखकाला वीस हजार मिळतील. त्यातले पंधरा टक्के म्हणजे तीन हजार. एका बाडामागे वर्षभर हिंडून तीन हजार कोण घेईल? जयपूरमध्ये ‘सियाही’ ही एजन्सी २००७ पासून चालते, तिथल्या महोत्सवाला जोडून प्रकाशकांचा मेळावाही भरतो. पण तो व्यवहार मुख्यतः इंग्रजीचा आणि अनुवादाच्या हक्कांचा.

मग संमेलनात प्रकाशक येतो तो कशाला? विकायला. २०१५ च्या घुमान संमेलनाच्या वेळी पंजाबात मराठी पुस्तके कोण घेणार, म्हणून प्रकाशकांनी बहिष्काराची भाषा केली होती. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. मीही एका संमेलनात पिशवीत बाड घेऊन गाळ्यागाळ्यांतून फिरलो आहे. बाड होते झाडीपट्टीतल्या नाटकांच्या हस्तलिखित वह्यांवरचे. एका गाळ्यावर बाड न उघडताच मला विचारण्यात आले, “पानं किती? आणि प्रती किती घ्याल?” दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ मला कळायला थोडा वेळ लागला. एजंट लेखकाच्या कमाईतून घेतो. इथे कमाईच्या आधीच लेखकाने द्यायचे असते.

चिचगडला परतल्यावर मला वडशाची आठवण झाली. झाडीपट्टीबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: दिवाळीनंतर भाऊबीजेपासून आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालते. त्यासाठी नाट्यकंपन्या वडसा म्हणजे देसाईगंज येथे कार्यालये थाटतात, आणि गावची मंडळे तिथे येऊन नाटक ठरवतात. हा खराखुरा बाजार आहे. मंडळाचे चार लोक खुर्च्यांवर बसतात, चहा येतो, नाटक कशावर आहे ते व्यवस्थापक सांगतो, हसवणारा नट कोण ते मंडळ विचारते, तारीख आणि रक्कम ठरते. दहा मिनिटांत नाटक सांगण्याची अमेरिकी कला पाहायची असेल तर तिथे जाऊन बसावे. गावाला बायाबापड्यांसमोर काय चालेल, मागच्या वर्षी शेजारच्या गावात काय पडले, हे त्या खुर्च्यांवरच्या माणसांना पक्के माहीत असते.

पण या बाजारातही लेखक बहुधा खोलीत नसतो. त्याची वही कंपनीकडे गेलेली असते, आणि नाटक विकले जाते ते नटांच्या नावावर. मी पाहिलेल्या अकरा वह्यांपैकी चारांवर लेखकाचे नावच नाही. एकीत शेवटचा प्रवेश वेगळ्या अक्षरात आहे, तो प्रॉम्प्टरने लिहिला असावा. संवाद खोडून वर नवे लिहिले आहेत आणि समासात गावांची नावे आहेत. कोणत्या गावी काय बदलले, त्याची ती नोंद. कोणत्या संहितेला प्रमाण मानायचे हा प्रश्न विद्यापीठात प्राचीन पोथ्यांबाबत विचारतात. इथे तो तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या वह्यांबाबत उभा आहे, आणि वह्या वाळवीच्या तोंडी आहेत.

एका स्नेह्याने सुचवले, कोणा मोठ्या माणसाची प्रस्तावना घे, मग प्रकाशक मिळेल. सल्ला व्यवहाराचा आहे. पण झाडीबोलीतल्या त्या खोडाखोडीला आधी पुण्या-मुंबईच्या कोणाकडून दाखला आणायचा, आणि मग वाचकाने तो वाचून वही उघडायची, हे मनाला पटत नाही. त्याऐवजी या भाऊबीजेनंतर दोन वह्यांच्या स्वच्छ प्रती करून मी वडशाला नेणार आहे. कंपनीवाला पुस्तक छापणार नाही, हे मला माहीत आहे. मी त्याला एवढेच विचारणार आहे, की नाटक पुन्हा लावले तर फलकावर लेखकाचे नाव घालशील का. नाव नसलेल्या वह्यांचे लेखक कोण, ते कदाचित तिथे चहा पिणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या नटाला आठवेल.