अश्वपोषणाच्या परिभाषेची परीक्षा

अमेरिकेतील नॅशनल रिसर्च कौन्सिलने घोड्यांच्या पोषणगरजांविषयी सिद्ध केलेल्या ग्रंथाची सहावी सुधारित आवृत्ती २००७ साली प्रसिद्ध झाली. पशुपोषणशास्त्रात तिला आधारग्रंथाचे स्थान आहे. त्यातील प्रयोगांची तपासणी करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू नाही. ते शास्त्र ज्या शब्दांच्या द्वारे तोबऱ्यातील चंदीपर्यंत पोहोचते, त्या शब्दांची परीक्षा येथे करावयाची आहे.

ग्रंथाची रीत अशी : श्रम न करणाऱ्या प्रौढ घोड्याच्या निर्वाहास लागणारी पचनीय ऊर्जा प्रथम ठरवावयाची आणि मग श्रमाच्या प्रतीनुसार तिला गुणावयाचे. ५०० किलो वजनाच्या घोड्यास निर्वाहासाठी दिवसाकाठी सरासरी १६.७ मेगॅकॅलरी लागतात. हलक्या श्रमास १.२, मध्यम श्रमास १.४, जड श्रमास १.६ आणि अतिजड श्रमास १.९ असे गुणक दिले आहेत. वस्तुतः ‘हलके’, ‘मध्यम’, ‘जड’ हे बोलीतील सापेक्ष शब्द होत. बोलणारा आपल्या अनुभवाच्या तुलनेने ते योजतो. शेजारी गुणक येताच मात्र त्यांना मापाची प्रतिष्ठा लाभते.

ही प्रतिष्ठा कितपत स्थिर आहे? १९८९ च्या आवृत्तीत श्रमाच्या प्रती तीनच होत्या व त्यांचे गुणक १.२५, १.५ आणि २ असे होते. त्या हिशेबाने वरील घोड्यास ‘मध्यम’ श्रमासाठी २४.६ मेगॅकॅलरी लागत; आता त्याच शब्दाखाली सुमारे २३.३ लागतात. ज्ञान वाढले म्हणून आकडा बदलला, ह्यात वावगे काहीच नाही. परंतु शब्द तोच राहिल्यामुळे बदल झाकला जातो. आवृत्तीच्या सालाशिवाय ‘मध्यम श्रम’ ही संज्ञा अपुरी आहे, असे म्हणावे लागते.

ह्याहून गंभीर आक्षेप ‘अतिजड’ ह्या प्रतीविषयी आहे. आठवड्यात एक तास वेगाची दौड करणारा शर्यतीचा घोडा आणि सहा ते बारा तास संथ गतीने लांब पल्ला तोडणारा घोडा, हे दोघेही तिच्यात बसतात. पहिल्याचे स्नायू प्रामुख्याने साठविलेल्या ग्लायकोजेनवर चालतात, तर दुसऱ्याचा भर प्राणवायूच्या साहाय्याने होणाऱ्या मेदाच्या ज्वलनावर असतो. ऊर्जेची एकूण राशी सारखी असली, तरी तिचा उगम भिन्न आहे. म्हणून वैरण आणि धान्य ह्यांचे प्रमाणही भिन्न असावयास हवे. लहान आतड्यात न पचलेला स्टार्च पुढे मोठ्या आतड्यात आंबला, की पोटशूळ आणि खुरांचा दाह उद्भवतो. एका सामान्य नावाची किंमत अशी जनावरास मोजावी लागते.

ग्रंथकारांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नमूद केले पाहिजे की, निर्वाहाच्या किमान, सरासरी व वाढीव अशा तीन पातळ्या त्यांनी दिल्या आहेत आणि श्रमाच्या प्रती ठरविताना हृदयाच्या ठोक्यांचा आधार घेतला आहे. हलक्या श्रमात सरासरी ८० आणि जड श्रमात ११० ठोके, ही खरी कसोटी होय. दुर्दैव इतकेच की, वाचकाच्या स्मरणात ठोके राहत नाहीत; विशेषण राहते.

ह्या ग्रंथाचे मराठीकरण करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने विशेषणाला प्रतिशब्द देऊन थांबू नये. आपल्या भाषेत ‘दुडकी’, ‘दौड’, ‘मजल’ असे शब्द आहेत. जनावर प्रत्यक्ष काय करते, ते हे शब्द सांगतात. ‘अतिजड श्रम’ ह्या एका संज्ञेऐवजी ‘वेगाचे श्रम’ आणि ‘पल्ल्याचे श्रम’ अशा दोन संज्ञा केल्यास शास्त्राची हानी होणार नाही. उलट मुळातील कोष्टकाने जो भेद पुसला, तो पुन्हा दिसू लागेल. परिभाषेचे काम नाव देऊन संपत नाही. जे वेगळे आहे ते वेगळे ठेवणे, हेही तिचेच काम होय.