दादासाहेब फाळके : देव दाखवणारा आणि युक्ती उलगडणारा



दादासाहेब फाळक्यांना 'जनक' म्हटलं की आपण मोकळे होतो. जनकाला हार घालायचा; त्याचं लिखाण कोण वाचतो? 1917-18 मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनी 'भारतीय चित्रपट' ही लेखमाला लिहिली. चित्रपट रचणारा आणि त्याच कामाविषयी मराठीत विचार मांडणारा असा हा माणूस. आज आम्ही त्यांना लेखक आणि टीकाकार म्हणून पाहणार आहोत.

मूकपटाच्या लेखकाला संवाद नसतात. त्याच्या हाती प्रसंगांचा क्रम आणि मधूनमधून येणाऱ्या अक्षरांच्या पाट्या, एवढंच. मग गोष्ट कळते कशी? उत्तरासाठी लांब जायला नको. आपल्या वेरूळला कैलास लेण्यात दक्षिणेच्या बाजूला रामायण कोरलंय. कथा ऐकलेला माणूस बोट ठेवून सांगतो, ही सीता, हा मारुती. 'राजा हरिश्चंद्र' (1913) काय, 'लंकादहन' (1917) काय, लेखक फाळक्यांचं खरं भांडवल हेच: प्रेक्षकाच्या कानात आधीच वसलेली कथा.

पण इथंच एक पेच आहे, बघा. दगडातला मारुती कुणीतरी घडवलाय, हे पाहणाऱ्याला ठाऊक असतं. छायाचित्र मात्र साक्ष देतं की कॅमेऱ्यापुढे हे घडलं. मग पडद्यावरच्या रामाला कुणी हात जोडले, तर भक्ती कुठे संपली आणि फसगत कुठे सुरू झाली?

फाळक्यांचं उत्तर त्यांच्या चित्रपटांतच आहे. चित्रपट कसे तयार होतात, हे दाखवणारा एक लघुपट त्यांनी 1917 मध्ये केला. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. 'कालिया मर्दन' (1919) सुरू होतो तो त्यांच्या मुलीच्या, मंदाकिनीच्या, चेहऱ्यावरच्या भावांनी. आधी मुलगी दिसते, मग ती कृष्ण होते. म्हणजे देव दाखवणाराच सांगतो, हा वेश आहे बरं का! आम्ही याला टीका म्हणतो. ती शाईने लिहिलेली नाही, इतकंच.

लेखांत मात्र आम्हाला एक उणीव जाणवते. त्यांचा भर स्वदेशीवर: भांडवल, मालकी, माणसं, कथा आपली हवी. त्या काळी ही मागणी रास्तच होती. पण चित्र कुणी केलं, याने ते पाहणाऱ्याच्या मनाचं काय करतं हे कळत नाही. पडद्यावर ज्या प्रश्नाला त्यांनी हात घातला, तो लेखणीपर्यंत पुरता आला नाही.

तो आता आपल्या दारात आलाय. न झालेलं भाषण आज मोबाइलवर झाल्यासारखं दिसतं. युक्त्या तेव्हाही होत्या, आजही आहेत. फरक असा की फाळक्यांनी स्वतःची युक्ती स्वतःच उघडी केली. आजच्या चित्रकर्त्याला निदान एवढं तरी विचारायला हवं: तुझी मंदाकिनी कुठाय? आधी ती दाखव, मग कृष्ण.