सर्वांत लहान रिकामा क्रमांक : युनिक्समधील फाईल डिस्क्रिप्टर वाटपाचे परीक्षण

युनिक्स व तत्सम प्रणालींत फाईल उघडली असता कर्नल प्रोग्रामच्या हाती एक लहान पूर्णांक देतो. हाच फाईल डिस्क्रिप्टर होय. पेण-रोह्यासारख्या तालुक्याच्या गावी पदवीवर्गाला हा विषय शिकविताना 0 म्हणजे इनपुट, 1 म्हणजे आउटपुट व 2 म्हणजे त्रुटिसंदेश, एवढ्यावर थांबण्याचा मोह होतो. या क्रमांकांमागील नियम मात्र परीक्षणास पात्र आहे.

नियम असा की, त्या प्रक्रियेत रिकामा असलेला सर्वांत लहान क्रमांकच द्यावयाचा. ग्रंथालयाच्या दाराशी पिशवी ठेवून बिल्ला घ्यावा, तसाच हा व्यवहार आहे. 3 क्रमांकाचा बिल्ला परत आला की पुढील वाचकास तोच मिळतो. या निश्चिततेचा लाभ मोठा होता. शेल 0 बंद करून लगेच फाईल उघडे. तिला 0 च मिळे आणि पुढील प्रोग्राम कळफलकाऐवजी त्या फाईलमधून वाचू लागे. मूळ प्रोग्राममध्ये एका अक्षराचाही बदल करावा लागत नसे.

तथापि 1979 च्या सातव्या आवृत्तीत डप2 हा सिस्टिम कॉल आला व हवा तो क्रमांक मागून घेता येऊ लागला. नियमाची मूळ निकड त्यामुळे ओसरली. पॉसिक्स मानकाने नियम मात्र कायम ठेवला. त्याची किंमत दुहेरी आहे. एका प्रक्रियेतील अनेक थ्रेड एकच तक्ता वापरतात. एकाने 3 बंद केला, दुसऱ्याला तोच मिळाला आणि पहिल्याने जुन्या आठवणीने त्यावर लिहिले, तर मजकूर भलत्याच फाईलमध्ये जातो. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. विशेषाधिकार असलेला प्रोग्राम 2 बंद ठेवून सुरू केला, तर त्याने उघडलेल्या संरक्षित फाईलला 2 मिळू शकतो व त्रुटिसंदेश तिच्यातच लिहिला जातो. फ्रीबीएसडीने 2002 साली याच दोषाविषयी सुरक्षा सूचना काढली होती.

तात्पर्य, नियम सदोष म्हणून टाकाऊ ठरत नाही. असंख्य जुने प्रोग्राम त्यावर विसंबून आहेत. परंतु क्रमांक म्हणजे फाईलची ओळख नव्हे, तो केवळ तात्पुरता बिल्ला आहे, हा विवेक विद्यार्थ्यांत रुजविणे अगत्याचे आहे. 0, 1, 2 पाठ करून तो येत नाही.